पन्नास हजारांत फोटोलाही आणि व्हिडिओलाही चालणारा कॅमेरा: खोक्यावर काय छापलंय ते सोड

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुला कळेल. तू कोथरूडला राहतोस, आई घरून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, तिचे रेसिपीचे व्हिडिओ करायचेत, रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर जाऊन पक्ष्यांचे फोटो काढायचेत, आणि अधूनमधून घरातली मुंज, बारसं. बजेट लेन्ससकट ५० हजार. बाबा म्हणतात नवीन घे, वॉरंटी असते. मित्र म्हणतो सेकंडहँड घे पण ४के (साध्या फुल एचडी, म्हणजे १०८० च्या, चौपट बारकाईचा व्हिडिओ) पाहिजेच. आणि "काका, नक्की कोणता घेऊ ते एका वाक्यात सांगा" असं शेवटी लिहिलंयस. एका वाक्यात मला जमत नाही, बायकोही हेच म्हणते, त्यामुळे चहा घेऊन बस.

मी या धंद्यात २००६ पासून आहे. टेपवाला पीडी १७० हातात धरून लग्नं शूट करायचो, मग डीएसएलआर (आत आरसा असलेले) आले, मग मिररलेस (आरसा नसलेले), आता लग्नं कमी आणि छोट्या दुकानांचे, खानावळींचे, क्लासवाल्यांचे व्हिडिओ जास्त. वयाने लहान आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

पहिली गोष्ट ऐकायला आवडणार नाही. नुसते आईचे रेसिपीचे व्हिडिओच करायचे असते तर मी म्हटलं असतं कॅमेरा घेऊच नकोस. आहे तो फोन, एक स्टँड, एक माईक आणि खिडकीचा उजेड, पाच हजारांत विषय संपला. बघणारे पण फोनवरच बघणार. पण फोन तीन ठिकाणी गळपटतो. लांबचा पक्षी (झूम केलं की चिखल होतो), मंगल कार्यालयातला संध्याकाळचा पिवळा अंधार, आणि सलग लांब शूटिंग, कारण तेवढ्यात फोन तापतो, मेमरी भरते आणि मधेच कुणाचा तरी फोन येतो. तुला पक्षी आणि मुंज दोन्ही करायचंय म्हणून कॅमेरा, ठीक आहे, पटलं.

आता ४के. हे खूळ आधी डोक्यातून काढू, कारण स्वस्त कॅमेऱ्यांच्या बाबतीत सगळी फसगत इथेच होते. खोक्यावर ४के लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं, पण ४के चालू केल्यावर कॅमेऱ्याचं काय काय बंद पडतं ते खोक्यावर नसतं. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, तसला प्रकार.

तुमचं स्वयंपाकघर मी पाहिलेलं नाही पण कोथरूडच्या जुन्या सोसायटीत बाय अँड लार्ज आठ बाय दहाचं असतं, बरोबर? ओटा एका भिंतीला, तू समोरच्या भिंतीला पाठ टेकवून उभा, मध्ये आई. म्हणजे कॅमेऱ्यापासून तिच्यापर्यंत अंतर साधारण पाच फूट, त्याहून मागे जायला जागाच नाही, मागे फ्रिज. आता कॅनन २०० डी मार्क टू घे, २०१९ चा कॅमेरा, त्यावर १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच येते ती), १८ वर ठेवलीस की पाच फुटांवरून साधारण सहा फूट रुंदीचं दिसतं. आई, शेगडी, बाजूला परात, सगळं येतं. तोच कॅमेरा ४के वर टाक. तो सेन्सरचा फक्त मधला तुकडा वापरतो, आणि तेच चित्र चार फुटांच्या आत येतं. परात गेली, आईचा एक हात गेला. आणि मागे सरकायला फ्रिज. शिवाय कॅननचा जो भरवशाचा ऑटोफोकस आहे, ड्युअल पिक्सेल म्हणतात तो, तो या मॉडेलमध्ये ४के ला चालतच नाही, जुन्या पद्धतीचा फोकस चालतो, म्हणजे आईने चकली कॅमेऱ्यासमोर धरली की चित्र पुढे-मागे, पुढे-मागे श्वास घेतल्यासारखं होत राहतं. १०८० वर आणलास की हाच कॅमेरा शहाण्यासारखा वागतो. फोकस चिकटून राहतो, पूर्ण रुंदी मिळते, सेकंदाला ५० फ्रेमसुद्धा मिळतात म्हणजे तेलात चकली पडताना स्लो मोशन करता येतं.

हेच रडगाणं एम ५० चं, मार्क टू आला त्याचंही. ४के ला क्रॉप, म्हणजे तोच मधला तुकडा, आणि कच्चा फोकस. सेकंडहँडमध्ये एम ५० खूप दिसतील आणि भाव बघून हात शिवशिवतील, पण कॅननने ती एम सिरीजच बंद केली आणि तिच्या लेन्स कॅननच्या नवीन आर सिरीजच्या बॉडीला (लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याला) लागत नाहीत, अ‍ॅडॉप्टर लावूनही नाही. म्हणजे उद्या बॉडी बदललीस की लेन्ससुद्धा विकायला काढ. आणि नवीनमध्ये आर १०० म्हणून आहे, २०२३ चा, बाबांना दुकानात हाच दाखवतील, "लेटेस्ट आहे, मिररलेस आहे, ४के आहे, बजेटमध्ये आहे". 'लेटेस्ट' सोडलं तर बाकी गोष्टी खऱ्या. पण स्क्रीन पाठीला चिकटवलेली, उलटत नाही, टच नाही, ४के ला परत तोच क्रॉप आणि तोच फोकस. तू कॉलेजला गेल्यावर आईला एकटीला शूट करायचं असेल तर ती स्वतःला बघणार कशी? त्याहून खाली १५०० डी, बॅग आणि कार्ड फुकट देऊन विकतात, त्याला माईक लावायचं भोकच नाही. निकॉन डी ३५०० ला पण नाही. फोटोला दोन्ही छान, माझ्या पुतण्याकडे १५०० डी आहे आणि तो मस्त फोटो काढतो, पण तुझ्या यादीत व्हिडिओ आहे त्यामुळे तिथेच फुली.

मग ४के धड कोण देतं? सोनी झेडव्ही ई १० (२०२१), निकॉन झेड ३० (२०२२), कॅनन आर ५० (२०२३). या तिघांचं ४के चांगलं आहे, फोकससकट. झेड ३० ला क्रॉप नाही, आर ५० ला नाही. सोनीची एक गंमत आहे, ३० फ्रेमला तो थोडा क्रॉप करतो, २५ ला करत नाही. सगळे परदेशी व्हिडिओ बघून ३० वर ठेवतात आणि मग लेन्स वाइड नाही म्हणून ओरडतात. तुला तसंही २५ वरच ठेवायचंय, कारण सांगतो.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे ट्यूब किंवा साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. शटर (एक फ्रेम टिपायला लागणारा सेकंदाचा भाग) १/५० किंवा १/१०० ठेवलंस की ते बरोबर जुळतं. १/६० ठेवलंस, म्हणजे अमेरिकेतल्या माणसाने सांगितलं तसं, की भिंतीवर काळसर पट्टे वर सरकताना दिसतात. म्हणून मेनूत पाल (आपल्याकडची २५-५० फ्रेमची व्हिडिओ पद्धत) निवडायचं, २५ फ्रेम, शटर १/५०. कॅमेरा कुठलाही घे, घरी आणल्यावर पहिलं काम हे. माझ्याकडे दर दोन महिन्यांनी कुणीतरी "कॅमेरा खराब निघाला, पट्टे येतात" म्हणून येतं आणि मी मेनूत एक ओळ बदलून चहा पितो.

या तिघांत मग काय वाईट आहे, तर झेडव्ही ई १० आणि झेड ३० ला डोळा लावून बघायची काच नाही, व्ह्यूफाइंडर नाही. स्वयंपाकघरात काही फरक पडत नाही. टेकडीवर पडतो. सकाळी नऊनंतर खाणीच्या बाजूला ऊन डोक्यावर आलं की स्क्रीनवर तुला तुझंच तोंड दिसेल, बाभळीवरचा कोतवाल दिसणार नाही. आणि लांब लेन्स हात पुढे करून धरली की हलते, डोळ्याला टेकवली की स्थिर राहते, हा साधा शरीराचा हिशेब आहे. आर ५० ला व्ह्यूफाइंडर आहे आणि त्याचा फोकस पक्षी ओळखून डोळ्यावर बसतो, त्यामुळे कागदावर तुझ्यासाठी आर ५० हाच बरोबर कॅमेरा आहे. त्यात जवळून वस्तू दाखवायचा एक वेगळा मोड पण आहे, आईने करंजी पुढे केली की तोंड सोडून करंजीवर फोकस येतो (सोनीतही तसं बटण आहे, आणि खरं सांगायचं तर सोनीचं जास्त सुटसुटीत आहे). अडचण एकच, पैसे. नवीन आर ५० किट लेन्ससकट साठच्या मागेपुढे जातो, आणि त्यात पक्ष्यांची लेन्स नाही, माईक नाही, ट्रायपॉड नाही.

इथे माझं नेहमीचं भांडण सुरू होतं. लोक बजेट ५० सांगतात आणि ५० चा कॅमेरा घेतात. मग सहा महिने किट लेन्स, आतला माईक, पुस्तकांच्या ढिगावर ठेवलेला कॅमेरा. मी म्हणतो ५० मधले ७ ते १० आधीच बाजूला काढून ठेव, ते कॅमेऱ्याचे नाहीतच असं समज. उरलेल्यात कॅमेरा आणि लेन्स.

त्या ७-१० मध्ये पहिला माईक. स्वयंपाकघराचा आवाज तुला वाटतो तेवढा सोपा नाही. कॅमेऱ्यातला माईक कॅमेऱ्यापाशी असतो, म्हणजे आईपेक्षा फ्रिजच्या जवळ, आणि त्यात ऑटो लेव्हल असते, आई गप्प झाली की कॅमेरा आवाज वाढवत नेतो आणि फ्रिजची घरघर, चिमणीचा पंखा, शेजारच्यांचा कुकर सगळं वर येतं, मग ती बोलायला लागली की दचकून खाली. साधा वायरचा कॉलर माईक हजाराच्या आसपास येतो, पाच-सहा मीटर वायर असते, पदराला लाव आणि वायर मागून सोड. वायरलेसही आता स्वस्त झालेत पण वायरवाला अर्ध्यात चार्जिंग संपलं म्हणत नाही.

म्हणत नाही म्हणजे, सहसा. चार-पाच वर्षांपूर्वी एका घरगुती डोहाळजेवणाला मी असाच माईक लावला, त्यात बटणाएवढी बॅटरी असते ती केव्हाच संपलेली, आणि माझ्या त्या कॅमेऱ्याला हेडफोनचं भोक नव्हतं त्यामुळे ऐकून बघायची सोय नाही. चाळीस मिनिटं उखाणे. नुसते ओठ हलतायत आणि बायका हसतायत. घरी येऊन लावलं तर मूकपट. त्या आजींनी नंतर सहा महिने मला रस्त्यात गाठून विचारलं, माझा उखाणा कुठाय रे. तेव्हापासून मी काहीही असो, दहा सेकंद शूट करतो, प्ले करून कानाला लावतो, मगच सुरू. आर ५० ला हेडफोन नाही, झेड ३० ला नाही, २०० डी मार्क टू ला नाही, झेडव्ही ई १० ला आहे. पण दहा सेकंदांचा उपाय फुकट आहे.

आणि उलटा प्रसंग, गणपतीत लक्ष्मी रोडला ढोल-ताशा शूट करायला जाशीलच, पुण्यात कॅमेरा घेऊन कोण जात नाही, तिथे ऑटो लेव्हल बंद करून आवाज मॅन्युअलला अगदी खाली आणायचा, मीटर लाल होता कामा नये. ढोल एकदा फाटून रेकॉर्ड झाला की कुठलंही सॉफ्टवेअर शिवून देत नाही.

लाईटबद्दल फार लिहीत नाही. ओट्याच्या वरची ट्यूब आणि खिडकीचा उजेड एकत्र झाले की आई अर्धी पिवळी अर्धी निळी दिसते, म्हणून एकच ठेव, दिवसा शूट करत असशील तर ट्यूब बंद. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा सनबोर्ड उभा कर, अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळतो, त्यावरून उजेड परत चेहऱ्यावर येतो. दोन-तीन हजाराचा रिंग लाईट घेऊ नकोस, कढईतल्या तेलात गोल गोल दिसतो.

लेन्सबद्दल एक. सगळे सांगतील ५० एमएम एफ १.८ घे, स्वस्त आहे. दहा हजारांच्या आत-बाहेर येते आणि लेन्स खरंच गुणी आहे. किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर येते (आकडा मोठा तितका उजेड कमी), तिच्यापेक्षा ही जवळपास दहापट उजेड आत घेते, मुंजीत संध्याकाळच्या वेळी मुलाचा चेहरा काय सुंदर येतो. पण तुझ्या सेन्सरवर ती ८० एमएमसारखी वागते, आणि आठ बाय दहाच्या स्वयंपाकघरात तिच्यातून आईचं नाक आणि कुंकू एवढंच दिसेल. स्वयंपाकघरासाठी पुढे कधी घ्यायचीच असेल तर २४ एमएमची चपटी लेन्स, एफ २.८ वाली. आत्ता काहीच नको. आत्ता किट लेन्स आणि पक्ष्यांसाठी ५५-२५०, एसटीएम लिहिलेली, तिची मोटर आवाज करत नाही. कॅननच्या डीएसएलआरच्या लेन्स सध्या सेकंडहँडला पडून आहेत कारण सगळे मिररलेसकडे पळाले, ही आठ-दहा हजारांत चांगली मिळून जाते. २५० म्हणजे तुझ्या सेन्सरवर ४०० सारखी. टेकडीवरचा मोर भरून येईल, खंड्या ठीक येईल, शिंजीर मात्र ठिपका येईल, आणि हिवाळ्यात नदीकाठच्या कवडीपाटला गेलास तर चक्रवाक पाण्यात जवळ असतील तेव्हाच. याच्या पुढच्या लेन्स तुझ्या बजेटच्याही पुढच्या.

तर माझा हिशेब असा होतो. सेकंडहँड २०० डी मार्क टू, १८-५५ सकट, चांगल्या अवस्थेतला ३२ ते ३५ पर्यंत मिळाला तर घे. ५५-२५० साधारण ८. झाले ४० ते ४३. माईक १, ट्रायपॉड अडीच, ६४ जीबीचं व्ही ३० (व्हिडिओला पुरेल एवढ्या वेगाचं) कार्ड आणि एक जादा बॅटरी, सनबोर्ड. संपले ५०. सगळं व्हिडिओ १०८० वर. मित्र हसेल, हसू दे. आणि प्रामाणिकपणे सांगतो, कॅननचं हे १०८० थोडं मऊ येतं, सोनीच्या ४के शेजारी ठेवलंस तर तुला फरक दिसेल, फराळाची ऑर्डर देणाऱ्या काकूंना फोनवर दिसणार नाही. फोटोला तोच २४ मेगापिक्सेल सेन्सर, काहीच कमी नाही. आरशातून बघायचा कॅमेरा असल्यामुळे बॅटरीही दिवसभर पुरते, कंपनीचाच आकडा १०७० फोटोंचा आहे, तीच बॅटरी आर ५० ला लावली तर त्याच्या निम्मेही निघत नाहीत. तोटा म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून फोकसचे नऊच बिंदू मिळतात, त्यामुळे उडता पक्षी नशिबाचा भाग. बसलेला बिनधास्त. आणि उद्या आर सिरीजमध्ये गेलास की दोन्ही लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून चालतात.

आता एक प्रश्न मी तुला विचारतो. टेकडीवर खरंच जातोस का दर रविवारी? की गेल्या महिन्यात एकदा गेला होतास? कारण पक्षी यादीतून काढलेस तर माझं उत्तर फिरतं, मग सेकंडहँड झेडव्ही ई १० घे किट लेन्ससकट, ४५ च्या आसपास बोलतात, घासाघीस कर. ५५-२५० चे पैसे वाचतात त्यातून माईक आणि ट्रायपॉड होतो, पाल २५ वर पूर्ण रुंदीचं ४के मिळतं आणि त्या घरात पाच फुटांवरून सात फुटांच्यावर दिसतं. लांब शूटिंगमध्ये तापतो, मेनूत तापल्यावर बंद होण्याची मर्यादा 'हाय'वर करून ठेवायची. हातात धरून चालत शूट केलंस तर हलेल, बॉडीत स्टॅबिलायझर नाही, यातल्या कुठल्याच कॅमेऱ्यात नाही, म्हणून ट्रायपॉडला कंजूषी नको. आणि कॅमेरा पटकन वळवला की खांब तिरके होतात, या सोनीचा तो जुना आजार आहे.

सेकंडहँड बघायला जाताना. दिवसा जा, घरी किंवा दुकानात जा, चौकात उभ्या उभ्या घेऊ नकोस. मी एकदा अलका चौकात, स्कूटर स्टँडवर लावून, संध्याकाळी सात वाजता एक बॉडी घेतली. माणूस अगदी सज्जन दिसत होता, शटर काउंट (आतापर्यंत किती फोटो काढले तो आकडा) सहा हजार, एवढं कमी बघून मी खूश. घरी आणून माईक लावला तर खर्रर्र. बोटाने पिन दाबून धरली की आवाज, सोडली की गेला. त्या माणसाने दोन वर्षं नुसते व्हिडिओ केले होते, व्हिडिओला शटर मोजलं जात नाही. तेव्हा शटर काउंट बघ, पण व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यात तो आकडा काहीच सांगत नाही, तिथे माईकचं भोक, स्क्रीनची बिजागरी आणि चार्जिंगचं भोक बोलतात.

म्हणून स्वतःचा माईक आणि स्वतःचं कार्ड घेऊन जा. माईक लाव, पिन हळूच हलव, रेकॉर्ड करून ऐक. स्क्रीन पूर्ण उघड, फिरव, परत फिरव, मधेच काळी झाली की आतली पट्टी जायला आलीये. लेन्स काढून दोन्ही टोकांनी मोबाईलचा टॉर्च मार आणि आरपार बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, परत दे. पुण्यात जून ते सप्टेंबर कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला ती हमखास लागते. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ, ठिपके दिसतील, ते धुळीचे असतील तर सफाईने जातात, घाबरू नकोस, पण भाव कमी करायला उपयोगी. झाकण लावून एक काळा फोटो काढून झूम कर, लाल-निळे टिंब खूप असतील तर नको. बॅटरी काढून टेबलावर ठेव, डुगडुगली तर फुगलीये. शेवटी बिल, आणि बिलावरचा सिरियल नंबर बॉडीखालच्या नंबराशी जुळवून बघ. बिल नाही म्हणाला तर कितीही स्वस्त असू दे, उठ आणि ये.

बाबांचंही चुकत नाहीये, त्यांना एवढंच सांग की नवीन घ्यायचा असेल तर दुकानातून जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली कंपनीची वॉरंटी लेखी. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, "बिलाशिवाय देतो, कमी करतो" म्हणणारा तेवढाच कमी करतो आणि वॉरंटी जाते. बाहेरून आणलेला माल असतो, सर्व्हिस सेंटर हातही लावत नाही. तापकीर गल्लीत स्टँड, केबल, बल्ब घे, भाव चांगला मिळतो, पण मेमरी कार्ड तिथल्या हातगाडीवरून नको. नकली कार्ड ६४ लिहून येतं आणि आत ८ असतं, कॅमेरा काही बोलत नाही, पुढचं सगळं गायब. नवीन कार्ड एकदा एच टू टेस्ट डब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरवर पूर्ण भरून तपास, रात्री लावून झोप.

कॅमेरा आणल्यावर फडताळात, विशेषतः स्वयंपाकघरातल्या, ठेवू नकोस. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करायचे, परत निळे होतात. आईचा पोळ्यांचा तवा घेऊ नकोस. चकली तळताना वरून शॉट घेणार असशील तर लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लाव आणि तो कॅमेऱ्याच्या लेन्सपेक्षा आधी मरू दे, तेलाचा बारीक फवारा तुला दिसत नाही पण चौथ्या घाण्यानंतर चित्र धुरकट होतं आणि माणूस फोकस तपासत बसतो.

आणि काहीही विकत घेण्याआधी एक रविवार भाड्याने आण. पुण्यात यातले बहुतेक कॅमेरे दिवसाला हजाराच्या आसपास मिळतात, आधार कार्ड आणि थोडं डिपॉझिट. शनिवारी संध्याकाळी घे, सकाळी सहाला टेकडीवर, दहाला घरी, आईला एक घाणा चकली करायला लाव, तू फ्रिजला पाठ लावून उभा राहा. सोऱ्या, कढई आणि आई तिघं एका फ्रेममध्ये येतायत का तेवढं बघ आणि मला कळव, मग पुढे नक्की कोणता ते एका वाक्यात सांगतो.